जी. ए. वाचायचे की नुसते आठवायचे?

महोदय,

कथाकार जी. ए. कुलकर्णी यांच्यावरील आपल्या रविवार पुरवणीतील लेख आस्थेने लिहिलेला आहे, याबद्दल दुमत नाही. मात्र त्यात काळा चष्मा आहे, धारवाडचा एकांत आहे, भेटीगाठी टाळण्याचे किस्से आहेत आणि 'काजळमाया' या कथासंग्रहाला १९७३ साली मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कार प्रकाशनवर्षाच्या वादामुळे त्यांनी परत केल्याची हकीकतही आहे. त्यांच्या एखाद्या कथेत नेमके काय घडते, याविषयी मात्र अवाक्षर नाही. २०२३ साली जन्मशताब्दीच्या निमित्ताने झालेल्या लेखनातही बऱ्याच ठिकाणी हाच प्रकार होता. त्यांची पत्रेदेखील आता कथांपेक्षा अधिक उद्धृत होतात. मला स्वतःला सुनीताबाई देशपांडे यांना लिहिलेली पत्रे अतिशय प्रिय आहेत, पण ज्याच्या कथा वाचल्या नाहीत त्याची पत्रे चवीने वाचण्यात कुठेतरी चांभारचौकशीचा अंश असतो.

लेखात सांगितलेली वाटणीही मला पटत नाही. 'निळासावळा' या पहिल्या संग्रहापासूनच्या सुरुवातीच्या कथा घरसंसाराच्या आणि पुढच्या रूपकात्मक, दुर्बोध, असे म्हणणाऱ्याने १९७७ सालचे 'पिंगळावेळ' उघडून पाहावे. मावशीच्या आश्रयाला आलेल्या आईवेगळ्या मुलाची 'कैरी' आणि ग्रीक पुराणकथेवर बेतलेली 'ऑर्फियस' या एकाच पुस्तकात आहेत. त्याच पुस्तकातल्या 'स्वामी'मध्ये मठाच्या तळघरात कोंडला गेलेला माणूस झरोक्याच्या दिशेने एक वेल वाढवतो. त्याची स्वतःची सुटका होत नाही, वेल मात्र उजेडाकडे सरकत जाते. याला हार म्हणायचे की जीत, यावर आमच्या बेळगावातल्या वाचकमंडळींत दर वेळी कडाक्याचे वाद होतात आणि मी आजवर जीत म्हणणाऱ्यांच्या बाजूने उभा राहिलो आहे. 'नियतिवादी', म्हणजे सारे काही नशिबाच्या हाती मानणारा, हा शिक्का लेखकावर एकदा मारला, की हा वाद करण्याची गरजच उरत नाही, आणि तरुण वाचक 'फार उदास लिहितात म्हणे' एवढ्या ऐकीव माहितीवर पुस्तक खाली ठेवतो.

तेव्हा पुढील लेखात आठवणींना थोडी कात्री लावून एखाद्याच कथेला, शक्य तर 'स्वामी'लाच, पानभर जागा द्यावी आणि त्यावर वाचकांची मते मागवावीत, ही विनंती. उलट बाजूची पत्रे आली तर ती आधी छापावीत.

आपला,
एक वाचक, बेळगाव