दोन शहरांच्या मधलं गाव

शाबाने, फ्रान्स,
नोव्हेंबर २०२५

प्रिय मंगल,

आम्ही सगळे बरे. माझा गुडघा होता तसाच आहे आणि सासूबाईंना थंडी सोसत नाही. तब्येतीचं एवढंच. आता खरं सांगते, आणि तुलाच सांगते, कारण पुण्यात वाढलेली कुणीही यावर "मग शहरात राहायला जा" एवढंच म्हणेल.

आमचे डॉक्टर निवृत्त होताहेत. दवाखान्याच्या दारावर चिठ्ठी लागली आहे: वर्षअखेरपर्यंतच, पुढे कुणी मिळालेलं नाही. बेकरीच्या रांगेत त्या दिवशी कुणी हवापाण्याचं बोललंच नाही. इथे प्रत्येकाने एक डॉक्टर आपला म्हणून नोंदवायचा असतो. तपासणीचे ३० युरो, आणि नोंदवलेल्या डॉक्टरकडे गेलं तर सरकारी विमा ७० टक्के परत देतो. तसा डॉक्टर नसेल तर ३० टक्केच. डॉक्टर निवृत्त झाल्यावर काही काळ सवलत असते, म्हणून पैशाचं मी मनावर घेत नाही. पण सासूबाईंचं हृदय सवलतीवर चालणार आहे का? लिमोज शहराच्या बाजूचे दवाखाने म्हणतात नवे पेशंट घेत नाही, दुसरीकडे आंगूलेम शहराच्या बाजूचेही तेच. एका ठिकाणी तर मला म्हणाले, तुम्ही पलीकडच्या जिल्ह्याच्या, तिकडेच विचारा. आणि मंगल, मला एकदम दर्यापूर आठवलं. जिल्हा अमरावती, आणि घरात कुणी आजारी पडलं की गाडी निघायची अकोल्याला! इथेही कागदावर आमचं आंगूलेम, आणि मोठं रुग्णालय जवळ पडतं ते लिमोजचं.

दोन्ही शहरांत शंभरेक किलोमीटरचं अंतर, आम्ही साधारण मध्ये. पूर्वी रेल्वे दोन्ही टोकांना जोडायची. मार्च २०१८ मध्ये रूळ खराब झाले म्हणून आंगूलेमपासून साया स्टेशनापर्यंतचा मार्ग बंद केला. लिमोजहून गाडी येते ती सायालाच थांबते. त्याच वर्षी जुलैत गावाकडच्या दुपदरी रस्त्यांवरची वेगमर्यादा ९० वरून ८० वर आणली, आणि नोव्हेंबरात पिवळी जाकिटं घालून लोक निषेधाला चौकाचौकांत उभे राहिले. पॅरिसच्या टीव्हीवर पेट्रोलच्या कराची चर्चा चालली होती. आमच्या चौकातल्या बाया मात्र प्रसूतीला किती लांब जावं लागतं ते बोलत होत्या. आपल्याकडची शकुंतला रेल्वे बंद पडली तेव्हा तू फोनवर किती वेळ बोलत होतीस! तुझे बाबा मूर्तिजापूरला उतरून पुढची गाडी कशी धरायचे, तिथपासून सगळं. मी ते नवऱ्याला शब्दन् शब्द सांगितलं होतं, आणि तो म्हणाला, ही तुझी मैत्रीण इथल्या ग्रामपंचायतीत हवी.

आता तोच नवरा म्हणतो, घर विकू आणि लिमोजला फ्लॅट घेऊ. त्याचंही खोटं नाही. ॲम्ब्युलन्स रात्री लिमोजहून निघणार, रस्ता कुठे चौपदरी तर कुठे दुपदरी, पुढे ट्रकची रांग. तो आईचा मुलगा आहे, त्याला झोप लागत नाही. पण सासूबाई इथून हलल्या तर त्यांच्याशी त्यांच्या बोलीत बोलणारं कोण उरेल? शेजारची म्हातारी आणि त्या कुंपणावरून लिमुझी ऑक्सितानमध्ये भांडतात, तेच त्यांचं औषध. आणि माझं काय? व्हियेन नदीचा पूल, तांबड्या गायी, आमची चेस्टनटची झाडं, हे मी पाहुणी म्हणून पाहत नाही गं, हे माझं आहे.

तुला शास्नोंबद्दल कधी सांगितलं होतं का? इथून अगदी जवळ. रोमन काळात लियाँहून सांतला जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव, आणि त्या आडगावात त्यांनी केवढी मोठी स्नानगृहं बांधली! भिंतींचा दगड पाहिला की तू वेडी होशील. रोशशुआरला वीस कोटी वर्षांपूर्वी उल्का पडली, तिच्या आघाताने वितळून, चुरून जो खडक झाला तोच तो दगड. विवर मात्र झिजून गेलंय, डोळ्यांना काही दिसत नाही. आपल्या लोणारच्या सहलीत तू काठावरून खाली उतरायला तयार नव्हतीस आणि बाईंनी तुझा डबा सगळ्यांना वाटून टाकला, आठवतंय? इथे आलीस तर सपाट आहे, घाबरू नकोस. मी मात्र तिथे जाऊन बसते आणि म्हणते, दोन शहरांच्या मधल्या जागेला कुणीतरी कधीतरी एवढं मोलाचं मानलं होतं.

गुरुवारी नगरपालिकेत सभा आहे. इथे डॉक्टर आपल्या मर्जीने कुठेही दवाखाना टाकू शकतात, त्यांना गावी पाठवता येत नाही. शिवाय १९७१ पासून कितीतरी वर्षं वैद्यकीय शिक्षणाच्या जागाच मोजून-मापून दिल्या, त्याची किंमत आता आम्ही मोजतोय. काही गावांनी मात्र पगारावर डॉक्टर ठेवलेत, आणि मी सभेत तेच मागणार आहे. नवरा म्हणतो, पगार दिला तरी तरुण माणूस इथे कशाला येईल?

म्हणून तुझ्या घरातला माणूस मला हवा आहे. भाऊजींना अकोल्यात बांधलेला दवाखाना मिळत होता, तरी ते दर्यापुरात राहिले, खारपाणपट्ट्यातलं पाणी पीत. तू तेव्हा माझ्याकडे किती तक्रारी केल्यास! (आणि अकोल्याचं कॉलेज अमरावतीपेक्षा चांगलं हे अजूनही मी मान्य करत नाही, त्यावरून अख्खा पावसाळा अबोला धरलास तरी.) त्यांना नीट बसवून विचार: काय दिसलं म्हणून राहिले? घर मिळालं म्हणून, जोडीला दुसरा डॉक्टर होता म्हणून, की लोकांमुळे? आणि कशामुळे निघून जावंसं वाटलं, तेही. मोघम नको, मला सभेत सांगता येईल असं हवं.

पोरीचं लग्न ठरलं, ऐकून फार आनंद झाला. मुलगा अमरावतीचा, म्हणजे शेवटी मीच जिंकले. तारीख कळव, तिकिटं आधी काढावी लागतात. तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलू नको.

भाऊजींचं उत्तर बुधवारपर्यंत हवं. व्हॉट्सॲपवर बोलून पाठवलंस तरी चालेल, मी लिहून घेईन.

तुझी,
सुनंदा