मोजपट्टी माशाला नको, आधी जाळ्याला लावा

संपादक महोदय,

सप्टेंबर 2023 मध्ये पापलेटला राज्य माशाचा मान मिळाला. त्याच सुमारास 54 जातींचे मासे धरण्यासाठी किमान लांबीही ठरली: पापलेट 135 मिलिमीटर, सुरमई 370, बांगडा 140, बोंबील 180. आकडे योग्यच आहेत. पण ते बंदरावर टोपलीत हात घालून तपासण्यात अर्थ नाही. जाळ्यात सापडलेलं पिल्लू बोटीवर येईपर्यंत बहुधा मेलेलं असतं. परत पाण्यात टाकून ते जगत नाही. मोजायचा तो जाळ्याचा आस, म्हणजे जाळ्याचं एकेक भोक.

ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढत नेलेल्या जाळ्याच्या, शेवटच्या पिशवीला 40 मिलिमीटरचा चौकोनी आस सांगितलाय, त्याला कारण आहे. नेहमीचा आस शंकरपाळीसारखा असतो. पिशवी भरून ओढ बसली की शंकरपाळी लांबट होऊन मिटते आणि बोटभर मासाही निसटत नाही. चौकोनी आस ओढीखालीही उघडा राहतो. पळवाटही इथेच निघते: वरून 40 चा आस, आतून बारीक जाळ्याचं अस्तर. म्हणून पिशवी उलटी करून पाहावी. जाळं ओलं करून, ताणून, पाचरीच्या मापाने गाठीच्या आतून सलग वीस आस मोजावेत आणि सरासरी लिहावी. एकच आस मोजला की वाद होतो. 1 जून ते 31 जुलै बोटी किनाऱ्यावर असतात, जाळी दुरुस्तीला पसरलेली असतात. त्याच दिवसांत मोजून पिशवीला सील लावावं.

डोल जाळ्याला मात्र हा नियम लावू नये. डोल प्रवाहावर तोंड उघडून उभी राहते. जवळा, करंदी धरायची तर तिला बारीक आसच लागतो; 40 चा केला तर जवळा हातचा जाईल आणि डोलकराची चूलही विझेल. तिथे पापलेटची पिल्लं कुठल्या पट्ट्यात, कुठल्या आठवड्यांत येतात हे मच्छीमार सोसायट्यांना विचारून तेवढ्यापुरती डोल बंद ठेवावी आणि त्या दिवसांची भरपाई द्यावी.

2021 च्या दुरुस्तीने एलईडी मासेमारीचा, म्हणजे प्रखर दिव्यांनी मासे गोळा करून धरण्याचा, दंड 5 ते 20 लाखांवर गेला. तेवढीच कडक नजर लिलावावरही हवी. पिल्लांची बोली लागते तोवर बारीक अस्तर शिवलं जाणारच. विकत घेणारा व्यापारी आणि फिशमीलचा (मासळीच्या भुकटीचा) कारखाना यांची खरेदी-नोंद तपासल्याशिवाय एकट्या तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याला, दंड करणं अन्यायाचं आहे.

– एक वाचक, पालघर