आम्हाला चालतं, हे तुम्ही कुणाला विचारून ठरवलंत?

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
व्हिडिओ प्रक्षेपण सेवा

विषय: चेहरा काळा रंगवून केलेल्या विनोदी प्रवेशाबद्दलच्या तक्रारीला ग्राहक सेवेने दिलेलं उत्तर मान्य नसल्याबाबत

महोदय / महोदया,

मी तुमच्या सेवेची जुनी वर्गणीदार आहे. तुमच्याकडच्या एका आशियाई विनोदी मालिकेतल्या भागाबद्दल मी अ‍ॅपमधून तक्रार केली होती. तिला जे उत्तर आलं, ते वाचून हे पत्र लिहिते आहे. त्या भागापेक्षाही उत्तराने मला जास्त अस्वस्थ केलं, म्हणून जरा सविस्तर लिहावं लागतंय.

आधी तो प्रवेश. एका कार्यालयात नवा परदेशी कर्मचारी रुजू होतो, एवढीच गोष्ट. दार उघडतं आणि नट आत येतो. चेहरा, मान आणि हात दाट काळे रंगवलेले. ओठांभोवती बोटभर रुंद पांढरा पट्टा, डोक्यावर कुरळ्या केसांचा भला मोठा टोप. रंग मनगटापाशी संपतो. बाही वर सरकली की खालची गोरी कातडी दिसते आणि ती लपवायची कुणाला गरजही वाटलेली नाही. तो अजून दारातच उभा आहे. एक शब्द बोललेला नाही, त्याला कुणी काही विचारलेलं नाही, आणि हशा सुरू झालेला आहे. पुढे तो टेबलावरचा संगणक हुंगून बघतो, तेव्हा त्याहून मोठा हशा. पण विनोद कशावर आहे, ते पहिल्या हशातच कळलं होतं. तिथे ना प्रसंग होता, ना संवाद, ना कुठला स्वभाव. माणूस काळा आहे, एवढाच तो विनोद. आणि हे सगळं तुम्ही ‘सहकुटुंब पाहा’ या रांगेत, लहान मुलांना योग्य असा शिक्का मारून ठेवलेलं आहे.

तुमच्या प्रतिनिधीने कळवलं की चेहरा रंगवणं अमेरिकेत वाईट मानतात ते तिथल्या इतिहासामुळे. इतर संस्कृतींत त्यामागे तसा हेतू नसतो. आणि माझ्या प्रदेशातल्या प्रेक्षकांना त्याचा त्रास होत नाही, असं तुमचं निरीक्षण आहे. माझी बहीण अमेरिकेत असते. तिला त्याच मालिकेची यादी उघडून बघायला सांगितलं. तिच्याकडे तो भागच नाही. आधीचा आहे, नंतरचा आहे, मधला गायब. म्हणजे त्यात काही तरी गैर आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. तिथल्या प्रेक्षकांपुढून तुम्ही तो उचललात आणि आमच्यापुढे राहू दिलात. आम्हाला हे चालतं असं आमच्या वतीने तुम्ही परस्पर ठरवून टाकलंत. माझी खरी तक्रार ही आहे.

‘हा अमेरिकेचा प्रश्न’ हे म्हणणं अर्धंच खरं आहे. हा खेळ गाजला तो तिथेच. 1830 च्या सुमारास थॉमस राइस नावाचा गोरा नट जळक्या बुचाची काजळी तोंडाला फासून ‘जिम क्रो’ या पात्राचं नाचगाणं करायचा. पुढे अशा मंडळ्यांचं पेव फुटलं. काळा माणूस म्हणजे आळशी, भित्रा, खादाड, मालकावाचून ज्याचं काही चालत नाही असा, हे चित्र त्यांनी गावोगाव नेलं, आणि तेही गुलामगिरी कायद्याने चालू असताना. ती 1865 मध्ये संपली. त्यानंतर दक्षिणेतल्या राज्यांनी काळ्यांना वेगळं पाडणारे जे कायदे केले, त्यांना नाव पडलं ते याच नाटकी पात्राचं. रंगमंचावरची टिंगल आणि माणसाला रेल्वेच्या डब्यातून उठवणारा कायदा एकाच नावाने ओळखले गेले. त्यामुळे विनोदाला नुसता विनोद म्हणून सोडून द्या, असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही.

पण हा खेळ अमेरिकेत थांबला कुठे? 1854 मध्ये अमेरिकेच्या कमोडोर पेरीचं आरमार जपानला आपली दारं उघडायला लावत होतं, तेव्हा पोव्हाटन या युद्धनौकेवर जपानी अधिकाऱ्यांच्या मेजवानीला खलाशांनी तोंडं काळी करून हाच कार्यक्रम सादर केला. ‘आमच्याकडे हा इतिहासच नाही’ असं जपानच्या बाबतीत सर्रास म्हटलं जातं, तिथली ही गोष्ट. भारतातही हा खेळ आला होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डेव्ह कार्सन नावाच्या अशाच सोंगाड्या नटाची मंडळी इथे प्रयोग करत, आणि हळूहळू त्याने चेष्टेसाठी ‘बंगाली बाबू’ही धरला. त्यावर 1870 च्या दशकात कलकत्त्याच्या अर्धेंदुशेखर मुस्तफी या नटाने स्वतःच साहेबाचं सोंग काढून त्याला रंगमंचावरूनच उत्तर दिलं. ज्याची टिंगल झाली त्याला ती बोचली, हे तेव्हाही स्पष्ट दिसत होतं. त्यासाठी अमेरिकन असण्याची गरज पडली नाही.

आता अलीकडचं बघा. 2017 च्या शेवटच्या रात्री जपानी दूरचित्रवाणीवरच्या एका अतिशय लोकप्रिय विनोदी कार्यक्रमात मासातोशी हामादा हा विनोदी नट चेहरा काळा करून एडी मर्फी, म्हणजे अमेरिकेतला प्रसिद्ध कृष्णवर्णीय नट, बनून आला. नक्कल कौतुकाने केली होती, असा बचाव झाला. कौतुक असेलही. पण ते ओळखीचं जाकीट, ती चाल आणि ते हसणं एवढ्यावर तो माणूस कुणालाही ओळखू आला असता. जपानमध्ये राहणारे कृष्णवर्णीय लेखक बाय मॅकनील यांनी त्यावर उघड आक्षेप घेतला. ते तिथलेच रहिवासी आहेत, तिथल्याच लोकलने प्रवास करतात, आणि असा कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी लोकांच्या नजरा त्यांनाच झेलाव्या लागतात. मग जपानी संस्कृतीला हे चालतं असं म्हणताना त्यांना कुठे बसवायचं? त्याआधी 2015 मध्ये अशाच एका कार्यक्रमाविरुद्ध त्यांनी सह्यांची मोहीम काढली होती, आणि फुजी वाहिनीने तो भाग प्रक्षेपणातून वगळला होता. तोही जपानमध्येच घेतलेला निर्णय होता.

नेदरलँड्समधली गोष्ट तर याहून बोलकी आहे. तिथे डिसेंबरच्या सणात मुलांना भेटी देणाऱ्या सिंटरक्लासबरोबर ‘ज्वार्ते पीट’, म्हणजे काळा पीट, येतो: काळा रंगवलेला, लाल ओठांचा, मुलांना हसवणारा नोकर. 1850 च्या एका बालपुस्तकाने तो नोकर लोकप्रिय केला. डच वसाहतींमधली गुलामगिरी त्यानंतर, 1863 मध्ये, संपली. आमची जुनी परंपरा आहे, तिच्यात द्वेष नाही, असं तिथले बहुसंख्य लोक मनापासून म्हणत. 2011 मध्ये क्विन्सी गारिओ हा कलाकार, ‘ज्वार्ते पीट म्हणजे वंशवाद’ असं लिहिलेला सदरा घालून मिरवणुकीच्या ठिकाणी उभा राहिला, तर पोलिसांनी त्याला धरून नेलं. तो परका नव्हता, डच नागरिक होता. 2015 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने या प्रथेबद्दल चिंता व्यक्त केली. आणि वर्षानुवर्षं ‘पीट काळाच असतो’ म्हणणाऱ्या पंतप्रधान मार्क रुट्टे यांनी 2020 मध्ये संसदेत सांगितलं की आपलं मत बदललं आहे. पीट काळा असल्यामुळे आपल्याला भेदभाव सोसावा लागतो, असं सांगणाऱ्या लोकांशी बोलल्यावर ते बदललं होतं.

‘संस्कृती’ म्हणून तुम्ही जे मोजता, ते हसणारे लोक असतात. त्याच देशात, त्याच शाळेत, त्याच कचेरीत ज्याच्या कातडीवर हसलं जातं तो तुमच्या मोजणीत येतच नाही, कारण तो संख्येने थोडा असतो. माझ्या प्रदेशातल्या लोकांबद्दलचं तुमचं निरीक्षण मला याच जातीचं वाटतं. रंगावरून चिडवणं आमच्याकडेही चालतं, हे मी नाकारत नाही. ते ऐकत वाढलेल्या एखाद्या सावळ्या मुलीला विचारा, तिला ते चालत होतं का.

हेतूचं म्हणाल तर 2018 चा चिनी नववर्षाचा सरकारी दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम आठवा. आफ्रिकेशी मैत्री दाखवायची म्हणून बसवलेल्या प्रहसनात एक चिनी अभिनेत्री काळा रंग फासून, कृत्रिम नितंब लावून, डोक्यावर फळांची टोपली घेऊन आली आणि तिच्यासोबत माकड. हेतू मैत्रीचाच होता, यावर विश्वास ठेवायला मी तयार आहे. त्याने पडद्यावर जे दिसलं ते बदलत नाही.

मात्र सगळीकडे एकच फूटपट्टी लावा, असं माझं म्हणणं नाही. घानामध्ये ‘कॉन्सर्ट पार्टी’ नावाचा लोकरंगभूमीचा प्रकार होता. त्यात काळे नटच स्वतःच्या लोकांपुढे तोंड रंगवून, ओठांभोवती पांढरं ओढून विदूषक होत. अमेरिकन खेळाचीच ती छाप, पण तिथे हसणारा आणि हसवणारा एकाच आळीतले. इराणच्या ‘सियाहबाजी’ या लोकनाट्यात काळ्या चेहऱ्याचा नोकर हजरजबाबी असतो आणि फजिती मालकाची होते. तरीही इराणमध्ये 1929 पर्यंत गुलामगिरी कायदेशीर होती आणि पूर्व आफ्रिकेतून आणलेली माणसं घरोघरी राबत होती, हा धागा पुढे आणून आज इराणी लोकच आपसांत त्यावर वाद घालत आहेत. आणि बर्ट विल्यम्स! स्वतः काळा असलेला, विलक्षण ताकदीचा हा विनोदी नट 1910 पासून न्यूयॉर्कच्या ‘झीगफेल्ड फॉलीज’ या नाचगाण्यांच्या कार्यक्रमात गोऱ्यांच्या बरोबरीने चमकला, पण रंगमंचावर यायचं तर त्यालाही काजळी फासावी लागे. त्याचं काम पुसून टाकलं, तर त्याच्यावर दुसऱ्यांदा अन्याय होईल.

म्हणून तो भाग जगभरातून नाहीसा करा, अशी माझी मागणी नाही. 2020 च्या जूनमध्ये अनेक कंपन्यांनी घाईघाईने भागच्या भाग काढले. ‘कम्युनिटी’ या मालिकेचा जो भाग गेला, त्यात तर एक पात्र काळा रंग फासून येतं आणि दुसरं, कृष्णवर्णीय पात्र त्याला तिथल्या तिथे सुनावतं. म्हणजे आक्षेपही त्याच भागात होता, आणि तोही गेला. त्याच महिन्यात ‘गॉन विथ द विंड’ हा, गुलामगिरीच्या काळाचं गोड चित्र रंगवणारा जुना अमेरिकन चित्रपट काही दिवस बाजूला ठेवून, चित्रपट अभ्यासक जॅकलिन स्टुअर्ट यांचं प्रास्ताविक जोडून परत आणला गेला. त्या प्रास्ताविकाने कुणाच्या हातून काही हिसकावलं नाही. प्रेक्षकाला समज दिली. मला हा मार्ग पटतो.

तुमचं उत्तर वाचताना मला बीबीसीची हकीकत सारखी आठवत होती. गोऱ्या गायकांनी तोंडं काळी करून केलेला ‘ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो’ तिथे 1958 मध्ये सुरू झाला आणि तुफान चालला. साठच्या दशकात संस्थेतल्याच हिशेब खात्याचे वरिष्ठ, बॅरी थॉर्न, यांनी आत पत्रं लिहून सांगितलं की हे लाजिरवाणं आहे. 1967 मध्ये वंशभेदाविरुद्ध काम करणाऱ्या संघटनेने कार्यक्रम बंद करण्यासाठी अर्ज दिला. लोकांना आवडतो, कुणाचा द्वेष नाही, आपल्याकडची जुनी करमणूक आहे, अशी उत्तरं तेव्हाही तयार होती. कार्यक्रम बंद झाला 1978 मध्ये. मधली अकरा वर्षं ब्रिटनमधल्या काळ्या कुटुंबांतली मुलं तो कार्यक्रम बघतच शाळेत जात होती.

माझं मागणं असं. हा भाग एका देशात दिसतो आणि दुसऱ्यात दिसत नाही, यामागचा तुमचा निकष मला लेखी कळवावा. आणि ‘प्रादेशिक प्रेक्षकांचं निरीक्षण’ खरोखर केलं असेल, तर ते कुणाशी बोलून केलं हेही. तो भाग मुलांच्या आणि सहकुटुंब पाहण्याच्या रांगेतून ताबडतोब काढावा. तुमचं अ‍ॅप उघडलं की त्यातले काही सेकंद आपोआप चालू होतात आणि नेमका तो दारातला क्षणच दाखवतात. ते तर आजच बंद करता येण्यासारखं आहे. भाग ठेवणार असाल, तर सुरुवातीला मराठीसह सर्व भाषांत स्पष्ट सूचना द्यावी: यात काय आहे, ते कुठून आलं, आणि ज्यांच्यावर ते केलं त्यांचं त्याबद्दल काय म्हणणं आहे. ‘काही दृश्यं संवेदनशील प्रेक्षकांना खटकू शकतात’ एवढं मोघम वाक्य नको. त्यात दोष बघणाऱ्याच्या संवेदनशीलतेला चिकटतो. आणि जी सूचना कराल ती सगळ्या देशांत सारखीच असावी.

हे पत्र ग्राहक सेवेकडे परत न पाठवता कार्यक्रमांची निवड आणि वर्गवारी ठरवणाऱ्या विभागाकडे द्यावं, ही विनंती. मागच्या वेळची तयार वाक्यंच पुन्हा आली, तर मी वर्गणीचं नूतनीकरण करणार नाही.

आपली,
एक वर्गणीदार

सोबत: पहिल्या तक्रारीची पोच आणि तिला आलेलं उत्तर; संबंधित प्रवेशाची पडद्यावरून घेतलेली चित्रं, वेळेच्या नोंदीसह; दोन देशांतल्या भागांच्या यादीची चित्रं.