पावतीवर बायोसची आवृत्तीही लिहा

महोदय,

टिळक रस्त्यावरच्या दुकानांतून सुटे भाग जुळवून संगणक घेणारे पुणेकर आजही पुष्कळ आहेत. प्रोसेसर कोणता, रॅम किती, हे पावतीवर येतं; मदरबोर्डच्या बायोसची, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमची, आवृत्ती मात्र येत नाही. दुकानदारांनी बायोस अपडेट करूनच संगणक द्यावा आणि आवृत्ती पावतीवर लिहावी, ही माझी कळकळीची विनंती.

प्रोसेसरमध्ये दोष राहतातच. इंटेल आणि एएमडी या प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्या या दोषांच्या याद्या स्वतःच प्रसिद्ध करतात आणि त्यातल्या कित्येक दोषांपुढे ‘दुरुस्ती नाही’ असंच लिहिलेलं असतं. १९९४ मध्ये इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरचा भागाकार चुकत होता, कारण चिपमधल्या तक्त्यात पाच नोंदी भरायच्या राहिल्या होत्या. तेव्हा चिप बदलून देण्यावाचून इलाज नव्हता. इंटेलने त्यासाठी ४७.५ कोटी डॉलरची तरतूद केली. आता बरेच दोष मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या मूळ सूचना, बदलून टाळता येतात. पण हा बदल चिपमध्ये कायमचा राहत नाही. संगणक बंद झाला की तो पुसला जातो आणि सुरू होताना बायोस किंवा ऑपरेटिंग सिस्टिम तो पुन्हा भरते.

इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांत जुना मायक्रोकोड फार महागात पडला. सदोष मायक्रोकोडमुळे काही प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत आणि आतून झिजत. गेम बंद पडे, पडद्यावर व्हिडिओ मेमरी अपुरी असल्याचा संदेश येई. साहजिकच संशय ग्राफिक्स कार्डवर! ऑगस्ट २०२४ मध्ये सुधारित मायक्रोकोड आला, तोही बायोसमधून. त्याने पुढची झीज आटोक्यात येते, झालेली भरून येत नाही. म्हणून उशीर परवडत नाही.

हे काम ग्राहकाने घरी करावं, असं म्हणणं सोपं आहे. अपडेट अर्ध्यावर असताना वीज गेली तर मदरबोर्डच निकामी होऊ शकतो, आणि घरोघरी यूपीएस नसतो. दुकानात तो असतो, माणूसही जाणकार असतो.

ज्यांच्याकडे हे प्रोसेसर आहेत त्यांनी विंडोजमधलं ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडून बायोसची तारीख ऑगस्ट २०२४ च्या आधीची तर नाही ना, हे आजच पाहावं. बॉक्समधून विकलेल्या अशा प्रोसेसरांची वॉरंटी इंटेलने तीनवरून पाच वर्षांवर नेली आहे. तेरावी पिढी २०२२ च्या अखेरीस बाजारात आली, म्हणजे पहिल्या ग्राहकांची मुदत २०२७ च्या अखेरीपासून संपू लागेल. संगणक विनाकारण बंद पडत असेल, तर त्याआधी पावती शोधून दावा करावा.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे