पाच मायक्रॉन सरकलेलं हाड : विज्ञानमंत्र्यांना खुलं पत्र

माननीय विज्ञानमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मी हाडांच्या आतल्या रचनेवर पीएच.डी. करते. माझा नमुना म्हणजे खोडरबराएवढा हाडाचा तुकडा. खुब्याचा सांधा बदलताना काढलेल्या हाडातून, रुग्णाच्या संमतीने मिळालेला. वरून पाहिलं तर स्पंजच.

१८९५ साली राँटगेन यांनी पत्नीच्या हाताचा एक्स-रे काढला, तेव्हापासून हाड म्हटलं की पांढरी, भरीव सावली आपल्या डोळ्यांसमोर येते. आज दवाखान्यात होणारी डेक्सा तपासणीही साधारण त्याच सावलीचा हिशेब मांडते. हाडात खनिज किती आहे ते ती सांगते, पण ते कसं रचलंय हे सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठिसूळपणाची रेषा उणे २.५ या टी-स्कोअरवर (निरोगी तरुण हाडाशी तुलना करून काढलेल्या आकड्यावर) आखली. तरी या रेषेच्या अलीकडे, म्हणजे 'ठीक' गटात असलेल्या कितीतरी जणांची हाडं किरकोळ पडण्याने मोडतात. तेवढंच लाकूड वापरून एकाचं छप्पर टिकतं, दुसऱ्याचं खचतं. वासे कुठे जोडलेत यावर ते ठरतं. हाडातले हे वासे साधारण १०० ते २०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचे असतात. ते मायक्रो-सीटीत, म्हणजे छोट्या नमुन्यांच्या अतिबारीक सीटी स्कॅनमध्ये, दिसतात. हाडातल्या पेशींना जोडणाऱ्या नलिका मात्र एका मायक्रॉनपेक्षाही बारीक, आणि त्या त्रिमितीत पाहायच्या तर सहसा सिंक्रोट्रॉन, म्हणजे अतितीव्र क्ष-किरण देणारं भलंमोठं यंत्र, गाठावा लागतो.

तिथे यंत्राची वेळ आठ-आठ तासांच्या पाळ्यांत मिळते. अर्ज करून, महिनोन्महिने थांबून मला तीन पाळ्या मिळाल्या. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास पहिली प्रतिमा उलगडली आणि प्रत्येक वासा दोनदा दिसला, जुन्या छपाईत रंग सरकल्यासारखा. ओला तुकडा नळीत सैल बसला होता आणि स्कॅन चालू असताना पाचेक मायक्रॉन सरकला होता. नमुन्यांच्या मापाच्या नळ्या करून देणारे तंत्रज्ञ तिथे होते, पण त्यांचं कंत्राट संपलं आणि जागा भरली गेली नाही. आम्ही हाताला लागली ती नळी घेतली, वर मेण लावलं आणि देवावर हवाला ठेवला.

पुन्हा स्कॅन करायला काय हरकत, असं कोणालाही वाटेल. अडचण अशी की इतक्या तीव्र क्ष-किरणांनी हाडातल्या कोलॅजेन या प्रथिनालाच इजा होते आणि हाड आणखी ठिसूळ बनतं. मला तोच तुकडा नंतर दाबून मोडायचा होता, कुठला वासा आधी तुटतो ते पाहायला. दुप्पट किरण खाल्लेल्या तुकड्याची ताकद मोजून मी काय सिद्ध करणार? त्या नमुन्यावर फुली मारली.

आणि जे स्कॅन नीट निघतात, त्यांचंही खरं काम पुढेच असतं. प्रत्येक बाजूला २०४८ ठिपक्यांचा एक घन १६ बिटांत साठवला तर सुमारे १७ गिगाबाइट होतो. स्कॅन मिनिटांत उरकतो, पण त्यातलं हाड कुठलं आणि पोकळी कुठली हे ठरवण्यात महिने जातात. शिष्यवृत्तीच्या मुदतीला हे महिने दिसत नाहीत. असो.

मायक्रो-सीटी हाडांपर्यंत पोचली तीही अशाच जाणत्या हातांमुळे. ली फेल्डकॅम्प फोर्ड या मोटार कंपनीच्या प्रयोगशाळेत होते. तिथे हे तंत्र सिरॅमिकच्या भागांतले दोष शोधायला वापरत. यंत्र ओळखणारा हा माणूस हाडांच्या डॉक्टरांबरोबर बसला आणि १९८९ साली हाडाच्या त्रिमितीय रचनेवरचा त्यांचा शोधनिबंध आला.

नव्या यंत्राची कोनशिला बसते, फोटो निघतात. त्यात वाईट काही नाही, यंत्रं हवीतच. पण नळी कापणारा, मेण कधी मऊ पडतं हे माहीत असलेला माणूस अकरा महिन्यांच्या कंत्राटावर असतो. त्याने शिकलेलं त्याच्याबरोबरच दाराबाहेर जातं आणि पुढचा विद्यार्थी तेच पुन्हा आपले नमुने वाया घालवून शिकतो.

माझी मागणी एवढीच आहे. प्रतिमांकन केंद्राचा पुढचा प्रस्ताव सहीला येईल तेव्हा त्यात कायम तंत्रज्ञांच्या जागांचं पान आहे का, ते पाहावं. नसेल तर प्रस्ताव परत पाठवावा.

आपली,
हाडांवर संशोधन करणारी एक विद्यार्थिनी