पुस्तक विकायला मीच का उभी राहते

मिलवॉकी, विस्कॉन्सिन
ऑक्टोबरचा पहिला रविवार

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप सौ. आई यांना मुग्धाचा शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या आठवड्यात फोनवर बाबांनी विचारले, की मिलवॉकीच्या बिअरच्या इतिहासावरचे तुझे पुस्तक प्रकाशकाने छापले आहे तर ते विकायला तू का फिरतेस. आणि आईने मागून विचारले, की फिरायचेच असेल तर दारूच्या कारखान्यांत कशाला? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. फोनवर त्यांची उत्तरे तुटक झाली असती, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

बाबा, आधी पैशाचे सांगते, कारण वाचनालयाची खरेदी तुम्ही इतकी वर्षे सांभाळलीत आणि कमिशनचा हिशेब तुम्हाला माझ्याहून चांगला कळतो. माझ्या पुस्तकाची छापील किंमत २५ डॉलर आहे. इथली पुस्तकांची दुकाने साधारणपणे ४० टक्के कमिशन घेतात, म्हणजे दहा डॉलर तिथेच गेले. उरलेल्या रकमेतून छपाई, वाहतूक आणि वितरण भागवून प्रकाशक मला जे मानधन देतो ते एका प्रतीमागे जेमतेम दोन डॉलर पडते. शिवाय न खपलेल्या प्रती दुकानदार परत पाठवू शकतो. अशा स्थितीत एकाच शहरापुरत्या विषयावरच्या पुस्तकाच्या जाहिरातीवर कोणताही प्रकाशक फारसा खर्च करत नाही, आणि त्यात त्याचा दोष आहे असे मला वाटत नाही. बोस्टनमध्ये किंवा डेन्व्हरमध्ये राहणाऱ्याने मिलवॉकीच्या बिअरचा इतिहास मुद्दाम विकत का घ्यावा? ज्यांना हे पुस्तक हवे आहे ते बहुतेक सगळे माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरात राहतात, आणि त्यांतले पुष्कळ जण पुस्तकांच्या दुकानाची पायरी क्वचितच चढतात. ते शुक्रवारी संध्याकाळी तळलेले मासे खायला आणि बिअर प्यायला ब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात, जातात. म्हणून पुस्तकही तिथे जाते. तिथे मी स्वतः विकते तेव्हा प्रती लेखकाच्या सवलतीने निम्म्या किमतीत विकत घेते, राज्य सरकारकडून विक्रेत्याचा परवाना काढलेला आहे, आणि २०२४ पासून शहराचा दोन टक्के विक्रीकर नव्याने लागू झाल्यामुळे सगळे मिळून ७.९ टक्के कर गोळा करून भरते. हिशेबाची वही तुम्ही शिकवलीत तशीच, जमेची बाजू डावीकडे ठेवून लिहिते.

आई, आता तुझ्या प्रश्नाकडे वळते. ब्रुअरी म्हटले की तुझ्या डोळ्यांसमोर लोखंडी जाळीआडचे देशी दारूचे दुकान येते, हे मला ठाऊक आहे. इथल्या ब्रुअरीचे दालन आपल्याकडच्या मोठ्या मंगल कार्यालयाएवढे असते. लांबलचक लाकडी बाके, त्यांवर आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत अख्खी कुटुंबे बसलेली असतात, मुले रूट बिअर पितात, जी नावापुरतीच बिअर असून प्रत्यक्षात एक गोड पेय आहे. १९८५ साली सुरू झालेली इथली स्प्रेकर ही ब्रुअरी बिअरइतकीच तिच्या रूट बिअरसाठी प्रसिद्ध आहे. मी स्वतः चवीपुरती बिअर घेते हे तुम्हा दोघांना माहीत आहेच; सह्या करायला बसते तेव्हा मात्र शेजारी पाण्याचा पेला असतो, कारण समोरचा माणूस जे सांगतो ते मला नीट लक्षात ठेवायचे असते.

लेकफ्रंट नावाची ब्रुअरी मला सर्वांत जवळची वाटते. रस आणि जिम क्लिश या दोघा भावांनी ती १९८७ साली सुरू केली, आणि आता ती मिलवॉकी नदीच्या काठी एका जुन्या वीज केंद्राच्या विटांच्या इमारतीत आहे. दर शनिवारी तिथे ब्रुअरी पाहायला येणाऱ्यांच्या तुकड्या असतात. माझे टेबल बिअरच्या रांगेपाशी ठेवले तर लोक अवघडतात. म्हणून तुकडी जिथून पाहणी संपवून बाहेर पडते त्या दाराजवळ मी ते लावते. धान्य दळण्यापासून बाटली भरण्यापर्यंत सगळे नुकतेच पाहून आलेल्या माणसाच्या मनात प्रश्न ताजे असतात. ‘या शहरातच एवढ्या ब्रुअऱ्या का झाल्या?’ हा प्रश्न हमखास येतो. मी सांगते, की १८४०च्या दशकापासून जर्मन स्थलांतरित इथे मोठ्या संख्येने आले आणि त्यांनी लागर बिअर आणली, जी थंडीत आंबवावी लागते आणि आठवडेच्या आठवडे थंडच मुरवावी लागते. हिवाळ्यात तळ्यांवरचा आणि नद्यांवरचा बर्फ करवतीने कापून टेकडीतल्या तळघरांत रचला की उन्हाळाभर ती थंड राहत असे. बेस्ट कुटुंबाने १८४४ मध्ये उभारलेली ब्रुअरी पुढे जावई फ्रेडरिक पाब्स्ट यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. हे गृहस्थ त्याआधी तळ्यातल्या आगबोटीचे कप्तान होते. १८५५ मध्ये फ्रेडरिक मिलर यांनी प्लँक रोडवरची ब्रुअरी घेतली. १८७१ च्या आगीत शिकागो होरपळले तेव्हा श्लिट्झ या इथल्या बिअर कंपनीने तिथे बिअर पाठवली आणि त्या शेजारच्या मोठ्या शहरात तिचा जम बसला. हे सगळे उभ्या उभ्या दोन मिनिटांत सांगते. ज्याला पुढचे ऐकायचे असते तो खुर्ची ओढून बसतो, आणि तो बहुधा पुस्तक घेतोच.

सही करण्यातही काही गोष्टी शिकाव्या लागतात. थंड पेल्यामुळे लोकांचे हात ओले असतात, म्हणून चाळायला एक प्रत वेगळी ठेवते आणि विक्रीच्या प्रती खोक्यातच राहू देते. जाड मार्करची शाई पानाच्या मागे उमटते. त्यापेक्षा साधे काळ्या शाईचे पेन आणि टीपकागद बरा. बाबा, टीपकागद शोधायला मला चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात जावे लागले. नावे जर्मन आणि पोलिश, त्यांची स्पेलिंगे ऐकून कळत नाहीत, म्हणून आधी चिठ्ठीवर लिहून घेते आणि मग पानावर उतरवते. ‘आजोबांच्या स्मरणार्थ, बाटल्या भरण्याचे खाते’ असे लिहून द्या म्हणणारे बरेच भेटतात, आणि तेव्हा मी अक्षर जरा जास्तच सांभाळून काढते.

या माणसांबद्दल मला तुम्हाला मुख्यत्वे सांगायचे आहे. श्लिट्झ ही एके काळी देशातली सर्वांत मोठी बिअर कंपनी होती. १९५३ मध्ये मिलवॉकीच्या ब्रुअरी कामगारांनी ७६ दिवसांचा संप केला, आणि त्या काळात सेंट लुईसच्या प्रतिस्पर्ध्याने बाजार काबीज केला. पुढे सत्तरच्या दशकात खर्च वाचवण्यासाठी श्लिट्झने आंबवण्याचा काळ कमी केला, घटक बदलले, बिअरमध्ये कण दिसू लागले आणि १९७६ मध्ये लाखो बाटल्या बाजारातून परत घ्याव्या लागल्या. १९८१ मध्ये इथला कारखाना बंद झाला. पाब्स्टचा १९९६ मध्ये झाला. आज जुन्या मोठ्या नावांपैकी मिलरचाच कारखाना शहरात चालू आहे. हे सगळे कागदपत्रांत मिळते आणि पुस्तकात मी ते लिहिले आहे. पण एकदा टेबलापाशी एक वृद्ध गृहस्थ आले, त्यांनी खिशातून युनियनचा पितळी बिल्ला काढून माझ्यासमोर ठेवला आणि आंबवण्याच्या खात्यात नव्या पद्धतीच्या पहिल्या दिवशी कोण काय म्हणाले, कोणी पिंपाची झडप फिरवायला नकार दिला, ते नावानिशी सांगितले. त्यांची मुलगी शेजारी उभी होती. तिने हे पूर्वी कधी ऐकले नव्हते. कोणत्याही ग्रंथालयात मला ते मिळाले नसते, आणि पुस्तकांच्या दुकानातही ते आले नसते, कारण त्यांच्या मते पुस्तकाचे दुकान ही त्यांची जागा नव्हती. ब्रुअरी ही त्यांची जागा होती.

आई, तुझे बाबा सोलापूरच्या गिरणीच्या भोंग्याविषयी बोलायचे तेव्हा त्यांचा आवाज जसा बदलायचा, तसाच या लोकांचा बदलतो. गिरण्या बंद पडल्यावर त्यांच्याकडे कोणी वही-पेन घेऊन गेले नाही, आणि साच्यांविषयी, खात्यांविषयी, मास्तरांविषयी त्यांना जे ठाऊक होते ते त्यांच्याबरोबर गेले. मला याची खंत आहे, आणि इथे टेबल लावून तासन् तास उभी राहण्याचे बळ मला त्या खंतीतूनच मिळते, असे म्हटले तर ते खोटे होणार नाही.

पुस्तकांच्या दुकानांतले कार्यक्रम वेगळे असतात आणि तेही मला आवडतात. डाउनर ॲव्हेन्यूवर बॉसवेल नावाचे चांगले स्वतंत्र दुकान आहे. २००९ मध्ये शहरातली एक जुनी दुकानमालिका बंद झाली तेव्हा तिच्याच एका जागेत ते उभे राहिले. तशा दुकानांत खुर्च्या मांडलेल्या असतात, वाचन होते, श्रोते शांतपणे प्रश्न विचारतात, आणि दारूबंदीच्या काळावर चर्चा रंगते. १९२० ते १९३३ या तेरा वर्षांत पाब्स्टने चीज विकले आणि श्लिट्झच्या मालकांनी काही वर्षे चॉकलेट केले, हे ऐकून लोक थक्क होतात. ७ एप्रिल १९३३ रोजी सौम्य बिअरची विक्री कायदेशीर झाली, म्हणून पुढच्या वर्षी त्या तारखेला एखाद्या ब्रुअरीत कार्यक्रम करावा असे मनात आहे. मद्याच्या किरकोळ दुकानांत मात्र फारसे हाती लागत नाही. गिऱ्हाईक घाईत असते, आणि एका दुकानात तर माझे टेबल बर्फाच्या पेटीआड ढकलले गेले होते. तिथे आता मी विक्री-परत तत्त्वावर थोड्या सही केलेल्या प्रती ठेवते आणि महिन्याअखेर हिशेब करून येते.

बाबा, एक गोष्ट खास तुमच्यासाठी. २००६ मध्ये लेकफ्रंटने ग्लुटेन नसलेली बिअर काढली. गव्हातले आणि सातूतले ग्लुटेन ज्यांना पचत नाही त्यांच्यासाठी ती ज्वारी आणि तांदूळ यांपासून करतात, आणि त्या काळी अमेरिकी सरकारच्या खात्याकडून अशा बिअरला मान्यता मिळवणारी ती पहिलीच ब्रुअरी होती. टेबलाशी त्या बिअरचा विषय निघाला की मी मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीविषयी बोलते: काळी जमीन, पाऊस ओसरल्यावरची पेरणी, जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर येणारे पीक. अमेरिकेत ज्वारी मुख्यत्वे गुरांना घालतात, त्यामुळे तिची भाकरी हेच आमचे रोजचे अन्न होते म्हटल्यावर लोकांना नवल वाटते. एका बाईंनी भाकरी कशी थापतात ते हाताने करून दाखवायला लावले आणि मी टेबलावर ते करून दाखवले.

कोणी तिकडे विचारले की मुग्धाने दारूवर पुस्तक लिहिले का, तर आई, तू संकोच करू नकोस. एका शहरातले कारखाने, त्यांत राबलेली माणसे आणि ते बंद पडल्यावर त्या शहराचे काय झाले, यावर ते आहे, असे सांग. आणि जे खरे आहे तेही सांग, की मला बिअर ही गोष्ट मनापासून आवडते. चार साध्या पदार्थांतून इतकी निरनिराळी चव काढणाऱ्या कारागिरांबद्दल मला आदर आहे.

नाताळपर्यंतचे दोन महिने इथे स्थानिक पुस्तकांच्या खपाचे असतात, त्यामुळे डिसेंबरअखेरपर्यंत जवळजवळ प्रत्येक शनिवार बांधलेला आहे. माझे एक सहकारी नोव्हेंबरमध्ये पुण्याला येत आहेत. त्यांच्याबरोबर दोन प्रती पाठवते, एक घरी आणि एक वाचनालयासाठी. इंग्रजी वाचताना कंटाळा आला तर बर्फ कापण्याचे प्रकरण आधी वाचा, त्यात छायाचित्रे भरपूर आहेत.

बाबा, तुमची एका कामात मदत हवी आहे. लोक टेबलापाशी जुनी छायाचित्रे, पगाराच्या चिठ्ठ्या, बिल्ले घेऊन येतात. मी फोनने त्यांच्या प्रतिमा घेऊन मूळ वस्तू तिथेच परत करते, आणि वहीत नाव, खाते आणि वर्षे टिपते. दुसऱ्या आवृत्तीत यांतले बरेच घ्यायचे आहे आणि प्रत्येकाखाली देणाऱ्याचे नाव यायला हवे, पण वहीचा आता गुंता होऊ लागला आहे. वाचनालयाला देणगी म्हणून आलेल्या ग्रंथांची तुम्ही जी दाखलनोंद ठेवत होतात, तिचे रकाने कोणते होते आणि एकाच घरातून निरनिराळ्या वेळी आलेल्या वस्तू तुम्ही कशा जोडत होतात, ते मला सवडीने लिहून पाठवा.

प्रकृतीची काळजी घ्या. गुडघ्याच्या तेलाची बाटली संपत आली असेल, ती वेळेवर आणवा.

कळावे.

तुमची,
मुग्धा