बायो घेतलं म्हणून गणित कशाला सोडायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा रिझल्ट लागला की आपल्या इंदूरला घरोघरी एकच विषय सुरू होतो, मॅथ्स द्यायचं का बायो. राजेंद्र नगर असो, लोकमान्य नगर असो नाहीतर सुदामा नगर, मराठी घरात तर काका, मामा, आत्या आणि वरच्या मजल्यावरचे भाडेकरूसुद्धा यावर मत देतात, आणि ज्याला दोन वर्षं ते शिकायचंय त्या पोराला सगळ्यात शेवटी विचारतात. मी घरीच अकरावी-बारावीच्या केमिस्ट्रीची शिकवणी घेते त्यामुळे या दिवसांत आईवडील मुलामुलींना घेऊन येतात, "ताई, काय द्यायचं हिला ते तुम्हीच सांगून द्या". त्या सगळ्यांना मी जे तोंडी सांगते तेच आज लिहून पाठवतेय, जमलं तर लवकर छापा कारण एकदा ॲडमिशन झाली, पुस्तकं आली, कोचिंगची फी भरून झाली की मग कोणी ऐकायच्या मनःस्थितीत नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याला बायो आवडतं त्याने बायो जरूर घ्यावं, पण त्यासोबत गणित सोडू नये. फिजिक्स, केमिस्ट्री, बायो, मॅथ्स, चारही ठेवावे.

हे म्हटलं की पहिलं वाक्य येतं "अहो केवढा लोड होईल". तर आधी लोडचंच बघू. सीबीएसईत बारावीला मुख्य विषय पाच असतात. इंग्रजी, फिजिक्स, केमिस्ट्री, बायो हे चार झाले, पाचवा विषय मुलांनी आपला निवडायचा असतो आणि तिथे बायोवाली बहुतेक मुलं फिजिकल एज्युकेशन घेतात, का तर मार्क मिळतात आणि टक्केवारी वर जाते. तो पाचवा विषय गणित घेतला तर विषय पाचच राहिले, सहा नाही झाले. हो, अभ्यास वाढतो, मी नाही म्हणत नाही, फिजिकल एज्युकेशन आणि मॅथ्स यात फरक आहेच, पण "एक विषय जास्तीचा" ही जी भीती घालतात ती निदान सीबीएसईच्या मुलांना तरी लागू नाही. एमपी बोर्डाच्या शाळेत गट ठरलेले असतात, तिथे जास्तीचा विषय म्हणून घेऊ देतात का ते ॲडमिशनच्या आधी शाळेत जाऊन विचारायला लागेल.

आता का घ्यायचं ते सांगते, आणि माझ्याच विषयातलं सांगते. बारावीला केमिकल कायनेटिक्स, म्हणजे रिॲक्शनच्या वेगाचा धडा आहे. त्यात असं गणित येतं की एक फर्स्ट ऑर्डर रिॲक्शन, म्हणजे जिचा वेग उरलेल्या मालाच्या प्रमाणात असतो ती, ८० टक्के पूर्ण व्हायला ४० मिनिटं लागतात तर अर्धी व्हायला किती लागतील. मी मुद्दाम फॉर्म्युला न सांगता आधी अंदाज विचारते. बायोची मुलं पटकन त्रैराशिक मांडतात, ८० ला ४० तर ५० ला २५ मिनिटं. उत्तर येतं सव्वासतरा मिनिटांच्या आसपास. का, तर सुरुवातीला माल भरपूर असतो म्हणून रिॲक्शन जोरात होते, जसा माल संपत जातो तसा वेग कमी कमी होत जातो, म्हणजे पहिलं अर्धं लवकर संपतं आणि शेवटचं रेंगाळतं. ज्याने गणितात लॉग आणि डेरिव्हेटिव्ह बघितलंय त्याला मी फळ्यावर तो खाली वाकत जाणारा कर्व्ह काढला की लगेच दिसतं, तो म्हणतो हां, बरोबर. ज्याने दहावीनंतर गणित बघितलंच नाही तो २.३०३ भागिले टी गुणिले लॉग, एवढं पाठ करतो, मग लॉग टेबल उघडतो, बोट ठेवतो आणि तिथेच अडकतो, ८० टक्के संपून उरला ०.२ भाग, त्याचा लॉग म्हणजे बार वन पॉइंट थ्री झिरो वन झिरो, यातला तो एकाच्या डोक्यावरचा बार म्हणजे वजा एक हेच कळलेलं नसतं. हुशार मुलं आहेत हो, दहावीला नव्वदच्या वर मार्क आणलेली. त्यांच्या हातून ते हत्यार आपण काढून घेतलंय.

आणि हे फक्त माझ्या धड्यापुरतं नाही. आपण गोळी घेतो ती रक्तातून कमी होते ना, बहुतेक औषधं याच फर्स्ट ऑर्डरच्या हिशोबाने कमी होतात, त्यावरूनच गोळी किती तासांनी घ्यायची ते ठरतं. म्हणजे जिला डॉक्टर व्हायचंय, फार्मसीला जायचंय तिला हा कर्व्ह सगळ्यात जास्त लागणार आणि तिलाच आपण सांगतो गणित सोड. फिजिक्सचं तर विचारूच नका. अकरावीला पहिल्या दोन-तीन धड्यांतच व्हेक्टर (दिशा असलेल्या राशी) आणि डीएक्स बाय डीटी (बदलाचा वेग, म्हणजे डेरिव्हेटिव्हच) येतं, मग फिजिक्सचे सर तीन-चार पिरियड "बेसिक मॅथ्स" म्हणून घेतात आणि पुढे जातात, बायोवाल्यांनी त्यावर दोन वर्षं काढायची. गणितवाल्यांनाही लिमिट्स-डेरिव्हेटिव्ह अकरावीच्या शेवटी शेवटी शिकवतात हे खरं आहे पण त्यांना शिकवतात तरी. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत, नीटमध्ये, ७२० मार्कांत फिजिक्सचे १८० मार्क आहेत, ४५ प्रश्न, आणि बायोची मुलं सगळ्यात जास्त तिथेच मागे पडतात. म्हणजे नीटसाठी गणित सोडलं आणि नीटमध्येच नुकसान झालं.

अगदी बायोतसुद्धा बघा. हार्डी-वाइनबर्गचं समीकरण, एखाद्या समूहात जनुकांचं प्रमाण किती ते सांगणारं, बारावीच्या पुस्तकात आहे, तो सरळ ए प्लस बी चा वर्ग आहे. मेंडेलने वाटाण्याची हजारो रोपं मोजून प्रमाण काढलं, तो आधी व्हिएन्नाला फिजिक्स आणि गणित शिकून आला होता, त्याशिवाय पुढच्या पिढीत गुण नऊ-तीन-तीन-एक या प्रमाणात येतात हे त्याला दिसलंच नसतं असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. २०२४ ला नीटची परीक्षा २३ लाखांहून जास्त मुलांनी दिली आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात, सरकारी-खाजगी सगळ्या धरून, लाखाच्या थोड्याशा वर. बाकीच्या मुलांचं काय होतं हे कोणी ॲडमिशनच्या वेळी बोलत नाही. काही डेंटलला जातात, आयुर्वेद-होमिओपॅथीला जातात, नर्सिंगला जातात, चांगलंच आहे ते. खूप मुलं ड्रॉप घेतात, एक वर्ष, मग अजून एक. आणि त्यातल्या ज्याला नंतर वाटतं की आपण इंजिनीअरिंग करावं, आर्किटेक्चर करावं, स्टॅटिस्टिक्स घेऊन बीएस्सी करावं, त्याच्यासाठी बहुतेक ठिकाणी दार बंद झालेलं असतं कारण बारावीच्या मार्कशीटवर गणित नाही. महूची छावणी जवळ असल्यामुळे आपल्याकडे किती मुलामुलींना फौजेत जायचं असतं, एनडीएमधून (खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) एअर फोर्सला किंवा नेव्हीला जायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुलींनाही एनडीएची परीक्षा देऊ दिली, म्हणजे आता हे मुलींच्या आईवडिलांनीही लक्षात ठेवायचं. भोपाळला आयसर ही विज्ञान शिकवणारी केंद्र सरकारची संस्था आहे, २००८ पासून, किती लोकांना माहीत आहे कोणास ठाऊक, तिथली आयएटी ही प्रवेश परीक्षा ६० प्रश्नांची असते आणि त्यात बायो, केमिस्ट्री, मॅथ्स, फिजिक्स चारहींचे पंधरा-पंधरा प्रश्न. चारही विषय शिकलेल्या पोराला ती परीक्षा सरळ आहे, एक विषय सोडलेल्याला पंधरा प्रश्न स्वतःच्या भरवशावर.

कोणी म्हणेल आधी मॅथ्स घेऊ मग बायोचं बघू. तेही एक प्रकारे चालतं. नॅशनल मेडिकल कमिशनने नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्य केलंय की बारावीनंतर जास्तीचा विषय म्हणून बायो केलं तरी नीट देता येते. म्हणजे गणिताकडून बायोकडे यायला रस्ता आहे. पण उलट बाजूने, दोन वर्षं गणिताला हातही न लावता एकदम घरी बसून बारावीचं कॅल्क्युलस करणारं मूल मी तरी अजून बघितलं नाही. बायोचं वाचून वाचून पुष्कळ होतं, गणित रोज सोडवलं तरच राहतं.

आता मुलींबद्दल लिहिते, आणि हे आपल्या मराठी घरांबद्दलच आहे. भाऊ असेल तर मॅथ्स, बहीण असेल तर बायो, हे अजूनही चालू आहे, आणि कोणी वाईट हेतूने करतं असंही नाही, "बाईमाणसाला डॉक्टरकी बरी" असं आजी म्हणते, आई मान डोलावते, मुलगीही मान डोलावते. माझ्याकडे मागे एक मुलगी यायची, केमिस्ट्रीतली मोल कन्सेप्टची (पदार्थाचे कण मोजायची) गणितं तोंडी करायची, वही उघडायच्या आत उत्तर. तिच्या मोठ्या भावाचं गणित कच्चं पण त्याला मॅथ्स दिलेलं, हिला बायो. तिला मी विचारलं दोन्ही का नाही घेतलं, तर म्हणाली शाळेत सांगितलं टाईमटेबल बसत नाही, बाबांनी पण मग सोडून दिलं.

अशा घरांना मी कमला सोहोनींचं सांगते. त्या आपल्या इंदूरच्या, १९११ साली इथे जन्मल्या, माहेरच्या भागवत, दुर्गाबाई भागवतांची सख्खी बहीण. मुंबईला बीएस्सी केलं ते केमिस्ट्री आणि फिजिक्स घेऊन. १९३३ ला बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला तर डायरेक्टर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नाही सांगितलं, त्या हटल्या नाहीत, मग अटी घालून वर्षभरासाठी घेतलं. पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये पीएचडी केली ती झाडांच्या पेशींमधल्या सायटोक्रोम सी या प्रोटीनवर, म्हणजे बायोकेमिस्ट्रीत. फिजिक्स-केमिस्ट्री पक्कं होतं म्हणून जीवशास्त्रात काम करू शकल्या. ज्या शहरात ही बाई जन्मली त्या शहरात आपण पंधरा वर्षांच्या मुलीला सांगतोय की एक काहीतरी ठेव.

आणि लांब कशाला, राजेंद्र नगरपासून थोड्याच अंतरावर कॅट ही अणुऊर्जा खात्याची संशोधन संस्था आहे, आता त्याला राजा रामण्णा सेंटर म्हणतात पण आपण सगळे कॅटच म्हणतो. तिथे इंडस-२ नावाची सिंक्रोट्रॉन मशीन आहे, इलेक्ट्रॉन गोल फिरवून त्यातून एक्स-रे काढतात आणि त्या एक्स-रेवर प्रोटीनची रचना बघायची एक बीमलाईनच (एक्स-रे प्रयोगापर्यंत नेणारी वाट) वेगळी आहे. प्रोटीन म्हणजे बायो, त्याचे क्रिस्टल बनवायचे ती केमिस्ट्री, मशीन फिजिक्सची, आणि क्रिस्टलवर एक्स-रे पडून जे ठिपके मिळतात त्यातून आकार काढायचा तो सगळा गणिताचा खेळ. सायन्स डेला शाळांची मुलं तिथे बघायला जातात. आईवडिलांनी अकरावीचा फॉर्म भरायच्या आधी त्या मुलांना एकदा विचारावं की तिथे काय बघितलंस.

एक गोष्ट नववी-दहावीच्या पालकांसाठी, कारण ती उशिरा कळते. सीबीएसईत २०२० च्या परीक्षेपासून दहावीचं गणित दोन प्रकारचं आहे, स्टँडर्ड आणि बेसिक. शिकायचं एकच असतं, पेपर वेगळा. बेसिक हे ज्यांना पुढे गणित घ्यायचंच नाही त्यांच्यासाठी काढलंय. मार्क जास्त येतील म्हणून ते भरू नका, फॉर्म भरतानाच विचार करा. तसंच अकरावीला ॲप्लाइड मॅथ्स नावाचा विषय दिसेल, तो कॉमर्सच्या आणि समाजशास्त्राच्या मुलांकडे बघून बनवलाय, सायन्सवाल्यांनी साधं मॅथेमॅटिक्सच घ्यावं.

ज्याला गणिताने खरंच रात्री झोप येत नाही, पोटात गोळा येतो, त्याला नका देऊ, मी जबरदस्तीच्या बाजूची नाही. आणि ज्याला सायन्सच नको त्याला तर सायन्सच देऊ नका. मी बोलतेय त्या मुलांबद्दल ज्यांना गणित येतं, आवडतं, आणि तरी सोडायला लावतात.

शाळांना मात्र एक मागणी आहे. नवीन शिक्षण धोरण २०२० ला आलं, त्यात स्पष्ट म्हटलंय की आर्ट्स-सायन्समध्ये पक्की भिंत नको. इथे तर सायन्सच्या आतच भिंत घातलीय, आणि कारण काय तर मॅथ्स आणि बायोचे पिरियड एकाच वेळी लावलेत. ते बोर्डाने नाही ठरवलं, शाळेच्या ऑफिसात बसून ठरवलंय, म्हणजे तिथेच बदलता येतं. मॅथ्सच्या वेळेला फिजिकल एज्युकेशन आणि कॉम्प्युटर लावा, बायो वेगळ्या पिरियडला लावा, दोन्ही घेणारी चार मुलं असली तरी त्यांना बसता येईल. आणि कोणकोणते विषय एकत्र घेता येतात ते ॲडमिशनच्या फॉर्मवरच छापा, फी भरून झाल्यावर सांगू नका. आपल्या वाचकांपैकी कोणी शाळेच्या समितीवर असतील, पुष्कळ असतील, त्यांनी पुढच्या मीटिंगला टाईमटेबल मागवून हा एक मुद्दा मांडावा ही विनंती.

आपली,
केमिस्ट्री शिकवणारी एक वाचक
लोकमान्य नगर, इंदूर